सिनेमा तीनदाच थांबवायचा

“अंगठ्यानं दाबतोय,” सासरे माझ्या डाव्या कानाशी पुटपुटले. “बघ, बघ. स्टॉपवॉच अंगठ्यानं दाबतोय गाढव. अंगठा आळशी असतो. तर्जनी वापरायची असते, तर्जनी.”

माझ्या उजव्या बाजूला व्याही बसले होते, म्हणजे माझ्या धाकट्या जावेचे वडील. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, दवाखान्यात नंबर लावल्यासारखे गप्प. सोफा तीन माणसांचा. त्याचं कव्हर मीच शिवलंय, त्यामुळे मधली जागा किती चिंचोळी आहे ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. तरी मधे मीच बसले होते. त्या दोघांच्या मधे काहीतरी असायला हवं होतं, आणि घरात तेवढ्या रुंदीची मी एकटीच आहे.

रविवारची दुपार. पडदे ओढलेले, टीव्ही लावलेला. सासूबाई वेताच्या खुर्चीत बसून मटार सोलत होत्या. जाऊ, तिला मी धाकटीच म्हणते, स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसली होती, अर्धी आत आणि अर्धी बाहेर. तिची सहा वर्षांची लेक जमिनीवर पालथी पडून, रिमोट मुठीत धरून होती. तिचं ठिणगी हे नाव तिच्या आईकडच्या आजोबांनी ठेवलं, आणि शाळेचा हजेरीपट सोडला तर तिला दुसऱ्या नावानं कुणी ओळखत नाही. आम्हा दोघींचे नवरे गच्चीवर होते. पाण्याची टाकी गेले आठ महिने धुवायची राहिली होती. ती दोघा भावांना आजच, व्याही यायच्या दहा मिनिटं आधी, एकदमच आठवली.

“ठिणगे, थांबव,” सासरे म्हणाले.

“एक,” ठिणगी म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.

हा आमच्या घरचा कायदा आहे. सासरे कारखान्याच्या हजेरी कचेरीत कारकून होते, पण तो नुसता पोटापाण्याचा भाग झाला. खरे ते पंच. कारखान्याच्या स्पर्धा असोत की शाळांच्या, जिथे माणसं पळणार तिथे हे शिट्टी घेऊन हजर. निवृत्त झाल्यावर शिट्टी कपाटात गेली, नजर काही गेली नाही. खेळाचा सिनेमा लागला की दर पाच मिनिटांनी ‘थांबव’, आणि मग व्याख्यान. एकदा दोन तासांचा सिनेमा आम्ही साडेचार तास पाहिला. शेवटी नायक जिंकला तेव्हा आमच्यातला एकही जण जागा नव्हता. त्या दिवशी सासूबाईंनी नियम घालून दिला. एका सिनेमाला तीन थांबे. चौथा हवा असेल तर उठून बाल्कनीत जायचं आणि कावळ्यांना सांगायचं.

पहिला थांबा तर्जनीवर खर्च झाला. ठिणगीची पुढच्या शनिवारी शाळेत शर्यत होती, म्हणून तिनं मन लावून ऐकलं. व्याह्यांनीही ऐकलं आणि आपली तर्जनी वर करून जरा निरखून पाहिली.

“हे ठाऊक नव्हतं, साहेब,” ते म्हणाले.

घरात आल्यापासून ‘पाणी नको’ आणि ‘इथंच बसतो’ याखेरीज ते पहिल्यांदाच काही बोलले होते. सासऱ्यांना ते साहेब म्हणतात. कारखान्यातली सवय. हजेरी कचेरीच्या खिडकीत जो कुणी बसेल तो साहेब.

सिनेमा मी निवडला होता, हे आधीच कबूल करते. ठिणगीला शर्यतीचा सिनेमा हवा होता आणि तो दोन्ही आजोबांबरोबर पाहायचा होता. तिच्या या हट्टापायी तर व्याही सात वर्षांत पहिल्यांदा उंबरठा ओलांडून आत आले होते. एरवी शनिवारी नातीला फिरवून आणायचे, दारात सोडायचे आणि बूट न काढता जिन्यावरूनच परत फिरायचे. धाकटीची आई गेल्यापासून ते एकटे राहतात. त्यांनी दर रविवारी आमच्याकडे जेवायला यावं अशी धाकटीची फार इच्छा. ती हे कधी बोलली नाही, पण त्या दिवशी सकाळपासून एकच टेबल तिनं तीनदा पुसलं होतं. आजचा दिवस नीट गेला तर ते पुढच्या रविवारी येतील. नाही गेला तर कधीच नाही. एवढा साधा हिशेब होता.

तेव्हा मी सिनेमा तांदूळ निवडावा तसा निवडला. दोन म्हातारे शेजारी बसणार म्हणून प्रेमाची भानगड नको. पोर बसणार म्हणून मारामारी नको. सासूबाईंसाठी कुत्रं मरायला नको, कारण गेल्या वेळी कुत्रं मेलं तर त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. एवढं सगळं पाखडून घेतलं आणि नेमका मोठा खडा तसाच राहिला. धोब्याचा मुलगा पळायला शिकतो, असं लिहिलं होतं. तो मुलगा काळा आहे, आणि त्याला त्यासाठीच पळू देत नाहीत, हे कुठे लिहिलं नव्हतं. लिहिलं असेल तर मी चष्मा लावला नव्हता.

सिनेमाच्या बाराव्या मिनिटाला तो मुलगा मैदानातल्या नळाला तोंड लावतो आणि कुणीतरी येऊन नळ बंद करतं. माझ्या हातातली मक्याच्या लाह्यांची वाटी तिथेच थांबली.

मी उठले. “चहाचं बघते,” म्हटलं आणि धाकटीला दंडाला धरून आत नेलं.

“बंद करू या का?” मी हळू आवाजात म्हटलं. “केबल गेली म्हणू.”

“आपल्याकडे केबल नाही, ताई.”

“मग वायर म्हणू. टीव्हीला कुठलीतरी वायर असतेच.”

“आत्ता बंद केला तर का बंद केला ते दोघांनाही कळेल.” तिनं पातेलं गॅसवर ठेवलं आणि त्यात पाणी घालायचं विसरली. मी घातलं. “माझे बाबा काही बोलायचे नाहीत. बूट घालतील, नीट आभार मानतील आणि जातील. मग आणायचे कसे मी त्यांना?”

आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे आणि प्रत्येकाला ठाऊक आहे की ती बाकीच्यांनाही ठाऊक आहे. गावाच्या मधून नदी जाते, नदीवर पूल आहे. पुलापलीकडे जी वस्ती आहे तिथल्या लोकांच्या पणजोबांना दूर कुठूनतरी कारखान्याच्या भट्टीवर कामाला आणलं होतं. ते रंगानं काळे. अलीकडच्या आम्हा लोकांना त्यांच्यासाठी एकच शब्द पुरायचा, ‘पलीकडचे’. ती काही शिवी नाही अशी आमची समजूत होती. ती आमचीच होती, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

व्याही तिथलेच, तेव्हा भट्टीवर कामाला. वय तेवीस. कारखान्याची वार्षिक शर्यत होती, चारशे मीटरची. पहिला येईल त्याला कारखान्याच्या संघात घेत, आणि संघातल्या माणसाला भट्टीवरून काढून गोदामात नेमत, कारण धुरानं छाती खराब झालेला माणूस पळणार कसा. शेवटच्या रेषेवर मुख्य पंच होते आमचे सासरे. निकालात पहिला लागला तो वसुली खात्यातला एक मुलगा, अलीकडचा. व्याही दुसरे. त्यानंतर ते आणखी बावीस वर्षं भट्टीवर होते. त्यांच्या भुवया अर्ध्याच आहेत. कुणी विचारलं तर म्हणतात, उरलेल्या कारखान्याला दिल्या.

ही हकिगत धाकटीला तिच्या आत्यानं सांगितली. धाकटीनं लग्नाआधी माझ्या दिराला सांगितली, दिरानं भावाला, आणि भावानं मला, रात्री दिवा मालवल्यावर, म्हणजे मी काही विचारायच्या आत झोपता यावं म्हणून. लग्नाला सासऱ्यांनी विरोध केला नाही. ‘मुलगी चांगली आहे’ एवढंच बोलले. तेव्हापासून धाकटीशी ते असे वागतात की जणू ती घरात पाहुणी आहे आणि उद्याच्या गाडीनं जाणार आहे.

“चहा गोड झाला की ते तुम्हाला बोलतात,” तीच आता म्हणाली, कप मांडता मांडता. “मला कधी बोलत नाहीत. मागं मी मुद्दाम मीठ घातलं होतं, ताई. सगळा प्याले. छान झालाय म्हणाले.”

मला हसू आवरेना. तिलाही. दोघी ओट्याला टेकून, पदर आणि ओढणी तोंडात कोंबून हसलो. मग चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा ठिणगी विचारत होती, “त्याला एकट्याला वेगळ्या खोलीत का कपडे बदलायला लावलेत?”

“मोठ्या खोलीत जागा नसेल,” सासूबाई म्हणाल्या.

“आजी, ती रिकामी आहे. बघ की.”

“रंग दिला असेल. ओला असेल,” सासरे म्हणाले.

ठिणगीनं मान वळवून दुसऱ्या आजोबांकडे पाहिलं. तिला कुणाकडे कधी पाहायचं ते बरोबर कळतं.

“त्याचा रंग त्यांना आवडत नाही,” व्याही म्हणाले. वाटीतली लाही उचलावी तितक्या सहज म्हणाले.

“मग त्यांनी डोळे मिटून कपडे बदलावेत.”

“बदलता येतात, पण मग पाय चुकीच्या बाहीत जातो,” व्याही म्हणाले, आणि ठिणगी खिदळली. सासूबाईही हसल्या.

सासऱ्यांनी दुसरा थांबा सुरुवातीच्या पिस्तुलावर घालवला. ते वर, आकाशाकडे धरायचं असतं, हा माणूस कानाशी धरतोय, बहिरा होईल. तिसरा थांबा घंटेवर. शेवटच्या फेरीची घंटा पहिला गडी रेषेवर येताना वाजवायची असते, यांनी मागच्याच्या वेळी वाजवली. “दिग्दर्शकानं आयुष्यात एक शर्यत पाहिली नसेल,” ते म्हणाले. ठिणगीनं तीन बोटं वर करून दाखवली आणि रिमोट पोटाखाली घेतला.

खरं सांगायचं तर तोवर माझा जीव बराच खाली आला होता. सिनेमा चांगला होता. त्या मुलाचा लंगडा गुरू सारखा वैतागायचा आणि दर वेळी टोपी जमिनीवर आपटायचा. व्याह्यांना तो फार आवडला. “आमचा फोरमन असाच होता,” ते म्हणाले. “फक्त टोपीच्या ऐवजी आम्हाला आपटायचा.” त्यांनी चहाचा दुसरा कप घेतला. मागून घेतला, हे महत्त्वाचं. धाकटीनं दारातून माझ्याकडे पाहिलं आणि मी डोळ्यांनीच तिला म्हटलं, बघ, आता एक तास काढायचा. वरून बादल्यांचा आवाज येत होता. टाकी नव्यासारखी होणार होती.

मग ती शर्यत आली. सिनेमाच्या मधली, हरायची. धोब्याचा मुलगा वळणावरून सुटला, सगळ्यांना मागे टाकून रेषेवर आला, दोरा त्याच्या छातीवर तुटला. शेजारच्या शिडीवर पंच बसलेला. बारीक कोरलेली मिशी, डोळ्यांत काजळ घातल्यासारखं काहीतरी. त्यानं त्या मुलाकडे पाहिलं, ओठ एका बाजूला वाकडा करून हसला आणि मागून आलेल्या गोऱ्या मुलाचा हात धरून वर केला.

“बदमाश,” ठिणगी म्हणाली.

मी वाटीत पाहत राहिले. सासूबाईंच्या शेंगा सोलण्याचा वेग वाढला. आता कुणीतरी खोकायचं, कुणीतरी चहा हवा का विचारायचं आणि पुढचं दृश्य येऊ द्यायचं, एवढंच करायचं होतं. इतकी वर्षं आम्ही तेच करत आलो होतो, चांगला हात बसला होता.

“असा नसतो,” सासरे म्हणाले. पुटपुटले नाहीत, मोठ्यानं म्हणाले. “साफ खोटं आहे हे. असा नसतो पंच.”

“आजोबा, तुमचे तीन झाले,” ठिणगी म्हणाली.

“थांबव म्हटलंय का मी? नुसतं सांगतोय. असं कुणी हसत नाही.”

व्याही जरा पुढे झुकले. “ठिणगे,” ते म्हणाले, “पाहुण्यांना मिळतात का गं तीन?”

असा प्रश्न कायद्यात कधी आला नव्हता. ठिणगीनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी हातातली शेंग पुरी केली, दाणे भांड्यात टाकले आणि मग म्हणाल्या, “मिळतात.”

“मग थांबव.”

पंच पडद्यावर तसाच थांबला, ओठ वाकडा, मिशी तिरकी.

“कसा नसतो, साहेब?” व्याह्यांनी विचारलं. आवाजात धार नव्हती. सायकलचं चाक कसं काढायचं ते विचारावं तसं विचारलं.

सासऱ्यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

“मिशीबिशी काही नसते,” ते म्हणाले. “साधा माणूस असतो. इस्त्रीचा शर्ट. गळ्यात शिट्टी. त्याला रेषेकडे बघायचं असतं, माणसाकडे नाही. कुणाची छाती आधी रेषेवर आली, बस्स. डोकं नाही, हात नाही. हे तो दुसऱ्यांना शिकवतो, वर्ग घेतो त्याचे. आणि तो हसत नाही. दोरा तुटला की बाकीचे पंच त्याच्या तोंडाकडे बघतात, आणि तो वहीत नाव लिहितो. हातसुद्धा हलत नाही त्याचा. अक्षर चांगलं येतं.”

“मग खोटं नाव का लिहितो?” ठिणगी म्हणाली.

“कुणी सांगितलेलं नसतं गं त्याला.” सासरे आता तिच्याशीच बोलत होते. लहान मुलाशी बोलणं सोपं असतं. “वर मंडपात मोठे साहेब बसलेले असतात, पण ते एक शब्द बोलत नाहीत. त्याचं त्यालाच वाटतं. की संघाचा फोटो निघेल, कचेरीच्या भिंतीवर लागेल. त्यात हा कसा दिसेल. मग तो त्या फोटोत शोभेल असं नाव लिहितो. एवढंच. तेवढ्याला कितीसा वेळ लागतो. आणि मग घरी जातो, हातपाय धुतो, जेवतो. बायको विचारते, कोण आलं पहिलं, तो सांगतो.”

“बायकोनं विचारलं नव्हतं,” सासूबाई म्हणाल्या.

त्यांचे हात शेंगांवर थांबले होते. या घरात आल्यापासून मी त्यांना कामाच्या मधे हात थांबवताना पाहिलं नव्हतं, अगदी तापातसुद्धा.

“बायको दोरीपाशी उभी होती,” त्या म्हणाल्या, “म्हणून विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं.”

स्टूल सरकल्याचा आवाज आला. धाकटी दारात उभी राहिली होती, हातात ओलं फडकं. ठिणगी एका आजोबांकडून दुसऱ्या आजोबांकडे बघत होती आणि रिमोटवरचा तिचा अंगठा तसाच होता.

व्याह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. बशीत, अगदी हळू, चमचा वाजू न देता.

“कसं असतं, साहेब,” ते म्हणाले, “शर्यतीत दोघं अगदी जवळजवळ असतात कधीकधी. छातीला छाती. पापणी लवली की निघून गेलं. पंच झाला तरी त्याला डोळे दोनच. चुकतो एखाद्या वेळी डोळा. त्यात काय.” आणि मग लेकीकडे पाहून, “चहा फार छान झालाय गं.”

त्या माणसानं दार उघडून धरलं होतं. स्वतःच्या बावीस वर्षांच्या भट्टीवर टाच ठेवून, लेकीचे रविवार वाचावेत म्हणून, सासऱ्यांसाठी दार उघडून धरलं होतं. नुसतं ‘हं’ म्हटलं की सुटका होती. पुढं सिनेमा चालू झाला असता, धोब्याचा मुलगा जिंकला असता, सगळ्यांनी डोळे पुसले असते आणि पुढच्या रविवारी परत सगळे गोड बोललो असतो. मीसुद्धा मनात म्हटलं, म्हणा हं, बाबा. म्हणून टाका.

सासऱ्यांनी चष्मा घातला. व्याह्यांकडे वळायचं तर मधे मी होते, म्हणून मी सोफ्याच्या पाठीत शिरता येईल तितकी मागे सरकले. ते पुढे झुकले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी व्याह्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं, त्या अर्ध्या भुवयांसकट.

“डोळा चुकला नव्हता,” सासरे म्हणाले. “पहिले तुम्ही आला होता. चांगले दोन हात पुढे होता. मला स्पष्ट दिसलं, आणि मी दुसऱ्याचं नाव लिहिलं.”